काळजाची लिपी



‘हृदय’ या विषयावर बोलायला कवीला बोलावलं, की तो काय बोलणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. हृदय तुटतं, हृदय जळतं, हृदय कुणाच्या तरी पायाशी जाऊन पडतं. आम्ही कवींनी या अवयवाचे फार हाल केले आहेत. आज मी त्याला जरा विश्रांती देणार आहे. छातीत किंचित डावीकडे, मुठीएवढं, रात्रंदिवस चालणारं जे खरंखुरं हृदय असतं आणि दवाखान्यात ज्याची नोंद गुलाबी चौकटीच्या कागदी पट्टीवर उतरते, त्याच्याविषयी बोलणार आहे. नेमकं सांगायचं तर ती पट्टी, म्हणजे ईसीजी, वाचायला आपली मुलं-मुली कशी शिकतात आणि मोबाइलच्या पडद्यावरचं शिक्षण आल्यापासून त्यात काय फरक पडला, हा आजचा विषय आहे.

तुम्ही म्हणाल, हा विषय एखाद्या डॉक्टरांना द्यायचा. खरं आहे. मी बी.ए. झालेला माणूस. पण वाचायला शिकणं म्हणजे काय, याचा मला थोडा अनुभव आहे. छावणीत लहानाचा मोठा झालो. घरात उर्दू, शाळेत मराठी आणि संध्याकाळी मदरशात अरबी. अरबी आम्ही आधी नुसती वाचायला शिकलो. अक्षर ओळखायचं, उच्चार बिनचूक करायचा. अर्थ पुढं, ज्याला शिकायचा त्यानं शिकायचा. याला आमच्याकडं नाझरा म्हणतात. त्यामुळं अक्षरं ओळखणं आणि मजकूर समजणं यांत केवढं अंतर असतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. ईसीजी शिकणाऱ्या मुलांनाही हेच अंतर ओलांडावं लागतं.

आधी त्या पट्टीवर काय लिहिलेलं असतं ते पाहू. हृदय स्वतःची वीज स्वतःच तयार करतं. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो. तिथून विजेची लाट निघते, वरचे दोन कप्पे आकुंचन पावतात आणि मग क्षणभर थबकून ती लाट खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत पसरते. या विजेचा अगदी क्षीण अंश आपल्या कातडीपर्यंत पोचतो. हातापायांना चार क्लिपा आणि छातीवर सहा बटणं लावून यंत्र तो टिपून घेतं. वरच्या कप्प्यांचा एक छोटा उंचवटा उमटतो, त्याला ‘पी’ म्हणतात. खालच्या कप्प्यांचा उंच सुळका, तो ‘क्यूआरएस’. त्यानंतर हृदय पुढच्या ठोक्याच्या तयारीला लागतं, तेव्हाचा मऊ उंचवटा म्हणजे ‘टी’. पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर सरकते, म्हणून तिच्यावरचा लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद आणि मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. दोन सुळक्यांमध्ये किती मोठे चौकोन आहेत ते मोजायचं आणि ३०० ला त्या आकड्यानं भागायचं. चार चौकोन असतील तर ठोके मिनिटाला ७५. एवढं गणित आम्हा बी.ए.वाल्यांनाही जमतं.

अवघड भाग पुढंच आहे. पट्टीवर अशा बारा नोंदी असतात, आणि त्या बाराही एकाच हृदयाच्या. आपला दौलताबादचा किल्ला डोळ्यांसमोर आणा. शहराकडून येताना तो एक दिसतो, खुलताबादच्या घाटातून उतरताना दुसराच दिसतो. किल्ला तोच; आपण उभे कुठं आहोत त्यावर त्याची कड बदलते. तशा या बारा खिडक्या. एखाद्या खिडकीतून सगळं ठीकठाक दिसतं आणि दुसरीतून तट ढासळलेला दिसतो. बाराही खिडक्यांतून पाहून मनात एक किल्ला उभा करायचा, हे ईसीजी वाचणाऱ्याचं काम.

त्यातली एक खूण सर्वसामान्य माणसानंही ऐकून ठेवावी अशी आहे. सुळका संपल्यापासून ‘टी’ सुरू होईपर्यंतचा जो सपाट तुकडा, त्याला डॉक्टर ‘एसटी’ म्हणतात. मराठी माणसाला एसटी म्हटलं की लाल गाडी आठवते. इथली एसटी म्हणजे सपाट रस्ता. हृदयाला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीनं पूर्ण बंद झाली, की बहुतेक वेळा हा रस्ता चढाला लागतो. अशा झटक्याला ‘स्टेमी’ म्हणतात. तो ओळखला, की एक तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं, नाही तर रोग्याला लवकरात लवकर अँजिओप्लास्टीला न्यायचं. उशीर होईल तितका हृदयाचा स्नायू मरत जातो आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. छातीत दुखणारा माणूस समोर आला, की दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढून वाचला गेला पाहिजे, असा जगभरचा नियम आहे. तो काढणं आणि वाचणं, दोन्ही त्या दहा मिनिटांत.

वाचणं राहून गेलं तर काय होतं, हे आमच्या घरानं पाहिलं आहे. १९९१ सालची गोष्ट. माझे खालू, म्हणजे मावशीचे यजमान, मराठवाड्यातल्या एका गावात शेती करायचे. रात्री जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात दुखू लागलं, घाम फुटला. सगळे म्हणाले, गॅस झाला असेल. तरी तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. नाव घेत नाही. तिथं यंत्र होतं, कागद होता, पट्टी निघालीही. पण ती वाचणारं त्या रात्री कुणी नव्हतं. एक गोळी मिळाली आणि सकाळी शहरात दाखवा असं सांगितलं गेलं. सकाळी जीपनं निघालो, दुपारी पोचलो. शहरातल्या डॉक्टरांनी खालूंच्या खिशातली रात्रीची पट्टी उलगडली आणि दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “यात सगळं होतं.” खालू त्यानंतर तीन वर्षं जगले, पण घरापासून शेताच्या बांधापर्यंत पुन्हा चालत गेले नाहीत.

हे मी कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. त्या रात्री त्या दवाखान्यात जो कुणी होता, त्यानं आयुष्यात अशा किती पट्ट्या पाहिल्या असतील? त्याला शिकवलं कुणी असेल, आणि किती? पुष्कळ वर्षं हा प्रश्न माझ्या मनात राहिला.

ईसीजी शिकवण्याची जुनी पद्धत तुम्हाला कुणीही डॉक्टर सांगेल. वॉर्डात सरांची फेरी असायची. सर पट्टी हातात धरायचे, भोवती दहा-बारा डोकी. पुढच्या तिघांना दिसायची, मागचे सरांचा आवाज ऐकायचे. त्या महिन्यात वॉर्डात जे रोगी आले, तेवढ्याच पट्ट्या पाहायला मिळायच्या. एखादा प्रकार वर्षभर आलाच नाही, तर तो पुस्तकातल्या चित्रापुरता उरायचा. पुस्तकं चांगली होती. दक्षिण आफ्रिकेतले लिओ शॅमरॉथ यांचं पुस्तक आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांनी वाचलं. पण पुस्तकात मथळा आधी असतो आणि चित्र नंतर. उत्तर वाचून प्रश्न पाहिला, की प्रश्न सोपाच वाटतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२० साली अमेरिकेतले डेव्हिड कुक आणि त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या देशांतले ७८ अभ्यास एकत्र करून पाहिले. खास प्रशिक्षणाच्या आधी वैद्यकीय विद्यार्थ्यांनी शंभरातले सुमारे ४२ ईसीजी बरोबर वाचले. निवासी डॉक्टरांनी सुमारे ५६, व्यवसायात असलेल्या डॉक्टरांनी ६८-६९. हृदयरोगतज्ज्ञांनीही ७५ च्या आसपासच. सर्वांचा मिळून मध्यक ५४ होता, तो प्रशिक्षणानंतर ६७ वर गेला. हे ऐकून घाबरून जाऊ नका. परीक्षेसाठी निवडलेल्या पट्ट्या बहुधा अवघड असतात. पण दोन गोष्टी यातून कळतात. ही लिपी सोपी नाही. आणि शिकवलं तर फरक पडतो.

मग शिकवायचं कसं? इथं मला एक जुना प्रयोग फार आवडला, कारण तो थेट आमच्या धंद्यातला वाटला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाला एका प्रकारच्या सगळ्या पट्ट्या सलग दिल्या, मग दुसऱ्या प्रकारच्या, मग तिसऱ्या. दुसऱ्या गटाला सगळ्या प्रकारांची सरमिसळ करून दिली आणि सांगितलं, ओळखा. नंतर नव्या पट्ट्यांवर परीक्षा घेतली, तेव्हा सरमिसळ करून शिकलेला गट बराच पुढं होता.

वृत्तं शिकताना असंच होतं. गुरुजींनी फळ्यावर ‘भुजंगप्रयात’ असं लिहून खाली पाच ओळी दिल्या, की लघुगुरूंची खूण पटापट करता येते. शेजारच्या मुलालाही येते. पण कुठलंही नाव न सांगता एक ओळ कानावर पडली आणि ती मालिनी, मंदाक्रांता की भुजंगप्रयात हे सांगायचं झालं, म्हणजे खरं कळतं किती मुरलंय ते. दवाखान्यातही रोगी कपाळावर मथळा लावून येत नाही. ‘मला दुसऱ्या दर्जाचा ब्लॉक आहे’ असं सांगणारा रोगी मी तरी ऐकला नाही. तो म्हणतो, चक्कर आली.

संगणक आणि मोबाइल इथं उपयोगी पडतात. पडद्यावर एक पट्टी येते, वर दोन ओळींत रोग्याचं वय आणि तक्रार. तुम्ही उत्तर द्यायचं. चूक असेल तर लगेच कळतं, आणि कुठं पाहायला हवं होतं तेही दिसतं. मग पुढची पट्टी, ती वेगळ्याच प्रकारची. अमेरिकेत बोस्टनच्या एका नामवंत रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ‘वेव्ह मेव्हन’ नावाचा असा संग्रह तयार करून सगळ्या जगाला फुकट खुला केला. जर्मनीतून एकवीस हजारांहून अधिक ईसीजींचा संग्रह २०२० मध्ये अभ्यासकांसाठी खुला झाला. ज्या मुलाच्या वॉर्डात वर्षभरात पन्नास पट्ट्या आल्या असत्या, तो आता महिन्याभरात पाचशे पाहू शकतो. आमच्या गवयांच्या भाषेत सांगायचं तर हा रियाज आहे, आणि रियाजाला वॉर्डाची वेळ थोडीच लागते?

आपल्याकडं याला वेग आला तो २०२० च्या टाळेबंदीत. मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली, मुलं गावी गेली. आदल्याच वर्षी, २०१९ पासून, एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला होता. विद्यार्थ्याला नुसतं ठाऊक असून चालणार नाही, त्याला ते करता आलं पाहिजे, असा त्याचा रोख. ईसीजी काढणं आणि वाचणं त्यात पहिल्या वर्षापासून आहे. आणि नेमका तेव्हाच वॉर्डाचा दरवाजा बंद झाला. मग रेंज मिळेल तिथं बसून मुलं मोबाइलवर शिकू लागली. अडचणीपायी धरलेली ती वाट पुढंही चालू राहिली.

आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी एक मुलगी आहे. परभणी जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरची. शहरातल्या एका कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंग करते. गुरुवारी छावणीचा बाजार भरतो. खाली माणसांचा आणि जनावरांचा कोलाहल चाललेला असताना ही पोरगी जिन्यात बसून मोबाइलवर पट्ट्या सोडवत असते. एकदा मी विचारलं, “काय गं, गेम खेळतेस का?” ती म्हणाली, “नाही काका, ईसीजी आहेत. दहापैकी सहा आले आज. परवा चारच आले होते.” मग तिनं मला एक पट्टी दाखवली आणि चुकलेलं उत्तर कसं चुकलं तेही समजावून सांगितलं. आम्ही शिकत असताना चूक झाली की आधी छडी मिळायची, कारण नंतर कळायचं, पुष्कळदा कळायचंही नाही. या मुलीला तिची चूक त्याच क्षणी, कुणासमोर मान खाली न घालता समजते. मला तर हा या शिक्षणाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मागच्या बाकावर बसणारी, इंग्रजीला बिचकणारी, वॉर्डात प्रश्न विचारायला लाजणारी पोरं इथं दहा वेळा चुकू शकतात.

तरीही या मुलीनंच मला या शिक्षणाची मर्यादा सांगितली. म्हणाली, “काका, मोबाइलवर पट्टी तयार येते. वॉर्डात ती आपल्याला काढावी लागते.” पहिल्या आठवड्यात तिच्याकडून उजव्या आणि डाव्या हाताच्या क्लिपा बदलल्या गेल्या. लाल उजव्या हाताला, पिवळी डाव्या हाताला, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या पायाला. पाठ होतं सगळं. पण समोर कण्हणारा रोगी, भोवती नातेवाईक, आणि गडबड झाली. हात बदलले की पट्टीवरची पहिली नोंद उलटी उमटते आणि नसलेला रोग दिसू लागतो. तिच्या वॉर्डातल्या सिस्टरनी पट्टीकडं पाहिलं, मग रोग्याच्या हाताकडं पाहिलं आणि न रागावता क्लिपा बदलल्या. म्हणाल्या, “आधी पेशंट बघायचा, मग पट्टी.”

हे नुसतं मोबाइलवर कसं शिकणार? माझ्या अम्मीचा ईसीजी काढायचा होता तेव्हाची आठवण सांगतो. अम्मी ऐंशीच्या घरात. सहा बटणं छातीवर लावायची, त्यातली काही स्तनाखाली. अम्मी आकसून गेली. तिथल्या मुलीनं आधी पडदा ओढला, मला बाहेर काढलं, अम्मीच्या अंगावर चादर घातली आणि म्हणाली, “आजी, दोनच मिनिटं, मी हात लावू का?” अम्मी सैल झाली. आखडलेल्या, थरथरणाऱ्या शरीराची पट्टीही थरथरते, रेघ करवतीसारखी येते. ती दोन वाक्यं बोलायला त्या मुलीला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. पण त्यांच्याशिवाय पट्टी नीट आली नसती. बायकांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. मधुमेह असलेल्यांच्या आणि बायकांच्या झटक्यात पुष्कळदा छातीत दुखतच नाही; दम लागतो, मळमळतं, गळून जायला होतं. संकोचापायी पट्टीच काढली गेली नाही, तर ती वाचायला शिकलेल्यांचा उपयोग काय?

अभ्यासकांनाही असंच आढळलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन विद्यापीठातले शार्ल व्हिल्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. नुसतं संगणकावर शिकवणं हे गुरूसमोर बसून शिकण्यापेक्षा सरस ठरलं नाही. गुरूचं शिकवणं आणि संगणकावरचा सराव, दोन्ही एकत्र दिलं तेव्हा मात्र विद्यार्थी पुढं गेले.

दुसरा एक धोका आहे. हल्लीची यंत्रं पट्टीच्या डोक्यावर स्वतःच निदान छापून देतात. थकलेल्या माणसाला रात्री तीन वाजता ते छापील वाक्य म्हणजे मोठा आधार वाटतो. पण यंत्र चुकतं. रोगी हलला, क्लिप निसटली, तरी ते काहीतरी छापतंच. म्हणून चांगले शिक्षक विद्यार्थ्यांना सांगतात, ती ओळ हातानं झाका, स्वतः वाचा, मग हात काढा.

दूर बसलेल्या जाणकाराची मदत घेणं मात्र चांगलंच, आणि ते नवंही नाही. ईसीजीला आज जे रूप आहे ते देणारे विलेम आइन्थोवेन हॉलंडमधल्या लायडन गावचे. पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं त्यांनीच रूढ केली आणि १९२४ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. त्यांचं यंत्र इतकं अवजड होतं, की ते चालवायला पाच माणसं लागत, आणि रोग्याला दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. रोगी इस्पितळात, यंत्र प्रयोगशाळेत, मध्ये दीड किलोमीटर अंतर. यंत्र हलणार नाही, रोग्याला हलवणं बरं नाही. तेव्हा १९०५ मध्ये आइन्थोवेन यांनी टेलिफोनच्या तारेवरून हृदयाची वीज प्रयोगशाळेत आणली. म्हणजे दुरून पट्टी वाचण्याची कल्पना सव्वाशे वर्षांची होत आली.

आपल्या शेजारी गोव्यात २०१८ च्या अखेरीस ‘स्टेमी गोवा’ हा प्रकल्प सुरू झाला. छोट्या आरोग्य केंद्रात काढलेली पट्टी इंटरनेटवरून बंगळुरूच्या तज्ज्ञांकडं जाते, काही मिनिटांत उत्तर येतं, गुठळीचं इंजेक्शन तिथंच देता येतं आणि रोगी पुढं बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जातो. महाराष्ट्रातही काही जिल्ह्यांत याच धर्तीचं काम हाती घेतलं गेलं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं तर खिशात मावेल असं, मोबाइलला जोडता येणारं ईसीजीचं उपकरण तयार केलं. खालूंच्या रात्री यातलं काही असतं तर, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

पण तज्ज्ञ कितीही दूरवरून पाहत असला, तरी त्या खोलीत रोग्याजवळ कुणीतरी असावं लागतं. या रोग्याची पट्टी काढली पाहिजे हे त्या माणसाला सुचावं लागतं. पहिली पट्टी साधी आली, दुखणं थांबलेलं नाही, तेव्हा पंधरा मिनिटांनी दुसरी काढावी, हेही त्यालाच सुचावं लागतं. आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. विंचू चावलेले रोगी दगावत होते. डॉक्टर त्यांच्या उशाशी बसून राहिले, नाडी, रक्तदाब, हृदयाची लक्षणं टिपत राहिले आणि विंचवाचं विष हृदयावर कसा घाला घालतं ते त्यांच्या ध्यानात आलं. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकानं ते छापलं. पुढं प्राझोसिन या साध्या गोळीनं त्यांनी कितीतरी जीव वाचवले. मोठ्या शहरातलं यंत्र त्यांच्यापाशी नव्हतं. रोग्याकडं पाहत राहण्याची सवय होती.

आता मराठीचा लेखक म्हणून एक मागणी करतो. पडद्यावरचे हे धडे बहुतेक इंग्रजीत आहेत. डॉक्टर होणाऱ्या मुलांचं त्यावर भागेल. पण रात्री यंत्रापाशी उभे असतात ते कोण? नर्स, तंत्रज्ञ, १०८ च्या गाडीतले कर्मचारी, आरोग्य केंद्रातला नवखा डॉक्टर. त्यातले कितीतरी मराठी माध्यमातून आलेले. पी, क्यूआरएस, एसटी ही नावं तशीच राहू द्या, त्यांना संस्कृत टोप्या घालू नका. पण समजावणं मराठीत होऊ द्या. रोगी ‘छातीत जड वाटतंय’, ‘काळजात धडधडतंय’, ‘जीव घाबरा होतोय’ असं मराठीतच बोलतो. दखनीत आमची अम्मी म्हणते, ‘दिल घबरा रहा’. धड्यातला रोगी जर आपल्या बोलीत तक्रार सांगू लागला, तर शिकणाऱ्याला पट्टी आणि माणूस यांची गाठ घालणं सोपं जाईल. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडं, आपल्या घाटीसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांकडं अनुभवी शिक्षक आहेत आणि रोज येणारे शेकडो रोगी आहेत. रोग्यांची नावं झाकून, त्यांची संमती घेऊन असा मराठी संग्रह करणं अशक्य नाही. नावं झाकण्याचं मुद्दाम बोललो. व्हॉट्सॲपच्या गटात फिरणारी पट्टी ही कुणाच्या तरी काळजाची गोष्ट असते, ती नावगावासकट चव्हाट्यावर येऊ नये.

शेवटी तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. घरात कुणाचा ईसीजी काढलेला असेल तर तो जपून ठेवा. पुढं कधी त्रास झाला, तर जुन्या पट्टीशी ताडून पाहिल्यानं डॉक्टरांना फार मदत होते. या पट्टीचा कागद बहुधा उष्णतेनं उमटणारा असतो, काही वर्षांत अक्षरं पुसट होतात. म्हणून झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा. लॅमिनेशन मात्र करू नका, त्या उष्णतेनं पट्टी काळी पडते. आणि दुसरी गोष्ट, छातीत, पाठीत, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखून घाम फुटला, तर ‘गॅस असेल’ असं म्हणत सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा. दवाखान्यात गेल्यावर निःसंकोच म्हणा, “ईसीजी काढा, आणि आत्ताच वाचा.”

वाचणारी मुलं तयार होत आहेत. कुणी बाजाराच्या गलक्यात, कुणी शेतावरच्या झाडाखाली रेंज शोधत. त्यांच्या हातात मोबाइल आहे तो राहू द्या. त्यांना रोग्याच्या खाटेपाशी उभं राहायला जागा आणि न रागावता क्लिपा बदलून देणारी एक सिस्टरही मिळू द्या.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)